हिलाल मिस्तरी आणि सात घरांची पत्रिका

दिवाळीच्या साफसफाईत लोक माळा झाडतात, डबे घासतात, फार तर स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसतात. धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या भूपेंद्र भदाण्यांनी त्या वर्षी कॉम्प्युटर झाडला. तोही आतून.

कॉम्प्युटर हळू चालतो, एवढंच निमित्त. बटण दाबून चहाचं आधण ठेवावं, तर चहा पिऊन कपबशी विसळून होईपर्यंत पडद्यावर नुसतं चक्र फिरत असायचं. भूपेंद्रभाऊंनी सेटिंगमध्ये शिरून विंडोज नव्याने बसवायची जागा शोधून काढली, तेव्हा मशीनने अदबीने विचारलं, तुमच्या फायली ठेवू की सगळं काढून टाकू? भाऊ पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी फायली सांभाळल्या, बांधल्या, वाळवीपासून वाचवल्या, आणि एवढ्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी एकदाही विचारला नव्हता. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि 'सगळं' वर टिचकी मारली.

साठ टक्क्यांवर लाइट गेली.

लाइट परत आली, पण मशीन परत आलं नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी दोन ओळींची दिलगिरी. मग भाऊंना आठवलं, कॉलनीतल्या कुणा इंजिनिअरने कधीतरी विंडोज दहा भरून दिलेला एक पेनड्राइव्ह देवघराच्या फडताळात आहे. तो लावला. आधीचा कचरा कशाला, म्हणून विचारेल तिथे 'डिलीट' म्हटलं. आणि मशीनने नंबर मागितला. पाच-पाच अक्षरांचे पाच गट.

नंबर होता. कॅबिनेटच्या कुशीवर चिकटवलेल्या स्टिकरवर, मूळच्या विंडोज सातचा. पुढे एके वर्षी कंपनीवाले विंडोज दहा फुकट वाटत होते आणि फुकट म्हटल्यावर भाऊंनी ती पहिल्याच आठवड्यात घेतली होती. पण स्टिकर आपला तोच. अडचण एवढीच, की खंडेनवमीला घरातला विळा, पोळपाट, स्कूटर आणि कॉम्प्युटर एका रांगेत पुजायची त्यांच्या पत्नी ज्योतीताईंची रीत, आणि अख्ख्या काळ्या कॅबिनेटवर पांढरी जागा तेवढी स्टिकरचीच. अकरा दसऱ्यांची हळद-कुंकवाची बोटं एकावर एक चढून तिथे छान गिलावा झाला होता. भाऊंनी रॉकेलचा बोळा घेऊन तो घासला. हळद निघाली. हळदीबरोबर अक्षरं निघाली. कुंकू तेवढं राहिलं.

शेवटी 'माझ्याकडे नंबर नाही' अशी कबुलीची एक ओळ होती, तिच्यावर भाऊंनी मान खाली घालून टिचकी मारली. त्यावर मशीनने विचारलं, कोणती बसवू, होम की प्रो? होम म्हणजे घरगुती. प्रो म्हणजे काहीतरी वरच्या श्रेणीचं. चौतीस वर्षांत एकदाच बढती मिळालेल्या माणसाने प्रो निवडलं.

बसली. पडदा निळाशार झाला. फक्त उजव्या कोपऱ्यात खाली, पुसट राखाडी अक्षरांत, विंडोज चालू करून घ्या अशी सूचना आली ती जाईना. भाऊ त्या अक्षरांवरून ओलं फडकं फिरवत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ज्योतीताईंचा आवाज आला.

"अहो, सोमवारी पत्रिका छापायला जायची ना? यादी आहे ना नीट?"

भाऊंच्या हातातलं फडकं पडलं.

*

यादी म्हणजे त्यांच्या मुलीच्या, दीपमालाच्या, लग्नपत्रिकेवरची नावांची यादी. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरलेली. नवरा-नवरीचं नाव, मुहूर्त, मंडप हे सगळं पत्रिकेच्या एका बाजूला मावतं. दुसरी बाजू भाऊबंदांची असते. भदाण्यांची सात घरं, एकशे सव्वीस नावं. आणि कुणाच्या नावाखाली कुणाचं नाव, हा प्रश्न असा, की त्याच्यावरून मागे एका लग्नात एक घर हळदीला आलं आणि पत्रिका वाचून अक्षतांच्या आधी निघून गेलं.

म्हणून भाऊंनी तीन रविवार गावी बैठक घेतली होती. वयाने लावावं तर सरपंच असलेले छगननाना खाली जात. हुद्द्याने लावावं तर नव्वदीचे उखर्डूआबा तिसऱ्या ओळीत जात. सुरतेला असलेल्या घराचं म्हणणं, लांबून येणाऱ्याला वर घ्या. तीन रविवार ओढाताण होऊन सातही घरांची नावं वेणीसारखी एकमेकांत गुंफलेली एक यादी तयार झाली. ती कुणालाच पुरती पटली नव्हती, म्हणून सगळ्यांना मान्य होती. मग आबांनी फर्मान काढलं, की कच्चे कागद जर उरले तर भांडण उरेल. सगळे कच्चे कागद बैठकीसमोरच चुलीत घातले. फोटो कुणी काढायचा नाही, मोबाइलवर कुणी पाठवायची नाही, म्हणजे छापून येईपर्यंत फाटे फुटायला नकोत. यादी फक्त भूपेंद्रच्या कॉम्प्युटरात. "तो सरकारी माणूस शे, जपी ठेवस," असं आबा सर्वांदेखत म्हणाले होते.

आता ती पुन्हा करायची म्हणजे चौथा रविवार. आणि चौथ्या रविवारी सातांपैकी किती घरं उठून जातील, याचा भाऊंना चांगला अंदाज होता.

देवपुरातल्या दुकानात नेण्यात अर्थ नव्हता. दुकानदार छगननानांचा जावई. बाजारपेठेतल्या दुसऱ्याने फोनवरच सांगितलं, गेलेलं येत नाही आणि नंबराशिवाय विंडोज चालू होत नाही. राहिला हिलाल मिस्तरी. नरडाण्याचा. कॉम्प्युटर मुळात त्यानेच जोडून दिलेला.

ज्योतीताईंच्या जुन्या लुगड्यात कॅबिनेट गुंडाळून भाऊ एस.टी.त बसले. सोनगीरला लुगडं जरा सरकलं. शेजारच्या बाईंनी ते हळद-कुंकू पाहिलं आणि बसल्या जागी हात जोडून विचारलं, "कोनती माता शे, भाऊ?" भाऊंनी लुगडं सारखं केलं. पण खोटं बोलायला नको म्हणून तेही हात जोडून गप्प बसले.

*

हिलाल मिस्तरीच्या दुकानावर मोठ्या अक्षरात 'मोटर रिवायंडिंग' लिहिलेलं आहे आणि खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'व कॉम्प्युटर'. आत शिरलं की आधी वार्निशचा वास येतो. छताला जळक्या मोटरींचे गाभे टांगलेले. प्रत्येकाला तारेने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर गावाचं, विहिरीचं आणि मालकाचं नाव. त्यांच्यामध्येच कॉम्प्युटरचे पंखे आणि डिस्काही तशाच चिठ्ठ्या बांधून लोंबतात. नवख्याला वाटावं, इथे वांगी वाळत घातली आहेत.

मिस्तरी कॉम्प्युटरकडे वळला तो तांब्याच्या लोभाने. एका कारखान्याने बंद पडलेले बारा कॉम्प्युटर भंगारात काढले, ते आत तांबं असेल म्हणून ह्याने उचलले. उघडून बघतो तर तांबं चिमूटभर. फसवणूक झाल्याचा त्याला एवढा राग आला, की बारापैकी नऊ त्याने चालू करून दाखवले. कुणाला दाखवले, ते ठाऊक नाही. त्या वेळी दुकानात तो एकटाच होता.

त्याच्या कामाची एकच रीत. यंत्र टेबलावर आलं की तो विचारतो, "काय करं?" गिऱ्हाईक म्हणतं, काही नाही केलं, आपोआप बंद पडलं. मिस्तरी बिडी काढतो, पेटवत नाही, आणि गप्प बसतो. जोवर खरं बाहेर येत नाही तोवर पेचकस हातात घेत नाही. "मोटर खोटं बोलत नही," तो म्हणतो, "मालक बोलस." तालुक्यातले भले भले वकील त्या बाकावर बसून दहा मिनिटांत कबूल झालेले आहेत.

भाऊंनी लुगडं सोडलं. मिस्तरीने हळद-कुंकवाकडे, रॉकेलच्या डागाकडे आणि मग भाऊंकडे पाहिलं.

"काय करं, भाऊ?"

"काही नाही हो मिस्तरी. साफसफाई चालू होती. लाइट गेली आणि आपोआपच..."

मिस्तरीने बिडी काढली.

भाऊंनी छताकडे पाहिलं. टांगलेल्या गाभ्यांवरची गावं वाचली. विखरण, वर्षी, बाभळे. पाचव्या मिनिटाला ते म्हणाले, "तसं मीच सगळं काढून टाकायला सांगितलं." सातव्या मिनिटाला पेनड्राइव्ह आला, आठव्याला रॉकेल. प्रोची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज पार खाली गेला.

"आनि?"

"आणि यादी," भाऊ म्हणाले, आणि तीन रविवारांची सगळी कथा सांगून मोकळे झाले.

मिस्तरीने बिडी कानामागे ठेवली आणि पेचकस उचलला.

आधी डिस्क काढून त्याने ती स्वतःच्या मशीनला जोडली आणि गेलेलं शोधणारा कसलासा प्रोग्रॅम सुरू केला. डिस्क फिरू लागताच पेचकसाचं टोक तिच्यावर ठेवून मूठ कानाला लावली. मोटरीचं बेअरिंग ऐकतात तसं. भाऊ पुढे वाकले.

"काय म्हणते?"

"घाबरी गयी," मिस्तरी म्हणाला.

दोन तास गेले. मशीनने जे जे परत आणलं त्याचे चौकोन पडद्यावर एकेक करून उमटू लागले. सूर्योदय. गुलाबाचं फूल. चहाचा कप आणि त्याच्यावर 'शुभ सकाळ'. पुन्हा सूर्योदय. चार वर्षांत नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवलेल्या आणि भाऊंनी कधीतरी केबल लावून कॉम्प्युटरात उतरवून ठेवलेल्या झाडून सगळ्या शुभ सकाळी धडधाकट परत आल्या. दीपमालाच्या साखरपुड्याचे फोटो कमरेपर्यंत आले. यादी आली नाही. एक फाइल आली तीत सुरुवातीला 'श्री गणेशाय नमः' होतं आणि पुढे नुसते चौकोन.

"ती शे," मिस्तरी म्हणाला.

"वाचता येईल?"

"गणपती वाचा."

भाऊ बाकावर बसले ते बसलेच. दीपमालाचा मांडव त्यांच्या डोळ्यांपुढे आला. एका बाजूला व्याह्यांची गर्दी, दुसऱ्या बाजूला रिकाम्या खुर्च्या, आणि त्यातून ज्योतीताई एकट्याच अक्षता वाटत फिरताहेत.

मिस्तरीने त्यांच्याकडे बघितल्यासारखं केलं नाही. डिस्क परत कॅबिनेटमध्ये घातली, स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि विंडोज पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतली. मशीनने नंबर मागितला. ह्याने 'नाही' म्हटलं, मान खाली न घालता. मशीनने विचारलं, होम की प्रो. ह्याने होम दाबलं.

"अहो, प्रो चांगली ना?" भाऊंना राहवलं नाही.

"तुम्हले फुकट काय भेटनी व्हती?"

"आधी सातची घरगुती होती. मग दहाचीही तीच."

"मंग तीच शे. मोठं लिखीसन मोठं व्हत नही."

बसवून झाल्यावर त्याने आपला मोबाइल केबलने मशीनला जोडला, इंटरनेट सुरू केलं आणि समोरच्या टपरीकडे बघून दोन बोटं वर केली. चहा आला. कोपऱ्यातली राखाडी अक्षरं उगवलीच नाहीत. सेटिंग उघडून पाहिलं तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, विंडोज डिजिटल लायसन्सवर चालू झाली आहे.

भाऊंना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ना नंबर, ना स्टिकर, ना अर्ज, ना सहीशिक्का. स्वतःचं निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात त्यांना बोटाचे ठसे देऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागे, आणि गेल्या वर्षी तर उजव्या हाताच्या तीन बोटांनी त्यांना ओळखायला नकार दिला होता. आणि इथे सातासमुद्रापलीकडच्या कंपनीने ह्या डबड्याला चहा गार व्हायच्या आत ओळखलं?

"कसं काय हो?"

मिस्तरीने कॅबिनेटच्या आतल्या हिरव्या पाटीवर पेचकस टेकवला. "हाऊ बोर्ड. फुकट दिनी तवय याले लिखी लिधं त्यास्नी. आते स्टिकर घासा नही ते चाटा. बोर्ड तोच शे ना, मंग ते वळखस." एवढं लांबलचक बोलल्यावर तो दमल्यासारखा थांबला. मग कानामागची बिडी काढून पुन्हा तशीच ठेवली. "भाऊ, सातघरी विहीर तुम्हनीच ना?"

*

सातघरी विहीर भदाण्यांचीच. सात घरांत सामाईक. तिच्यावर एकच मोटर आणि पाण्याची पाळी लावलेली. अमक्या घराला सोमवार, तमक्याला मंगळवार. भाऊंच्या आजोबांच्या वेळेपासूनची ही पाळी. गावी आता सालदार राबतात. बहुतेक भदाणे धुळ्याला, नाशिकला, सुरतेला. पाळी कोणती हे सालदारांना पाठ. मालकांना फक्त एवढंच माहीत, की ती आहे.

मिस्तरीने दुकानाचं शटर ओढलं आणि भाऊंना मोटरसायकलवर मागे घेतलं. कापसाच्या वेचण्या चालू होत्या. रस्त्याने डोक्यावर गठुडी घेतलेल्या बायका चालल्या होत्या. ह्या विहिरीची जळलेली मोटर त्याने पंचवीस वर्षांत नऊ वेळा नव्या तारेने भरली, असं त्याने वाटेत सांगितलं. दर वेळी ती कुणाच्या पाळीला जळली ह्यावरून गावात आठवडाभर हमरीतुमरी. शेवटी वैतागून त्यानेच एकदा ऑइलपेंटचा डबा नेला होता.

विहिरीवर स्टार्टरची लोखंडी पेटी होती. मिस्तरीने तिचं झाकण उघडून आतली बाजू दाखवली.

"दखा."

झाकणाच्या आत पांढऱ्या रंगात, जरा ओघळलेल्या अक्षरांत, सात वार आणि सात नावं. सोमवार, उखर्डू. मंगळवार, वना. असं करत करत शनिवारला छगन. आणि सगळ्यात खाली रविवार, भूपेंद्र.

भाऊंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तीन रविवारांच्या बैठकीत त्यांनी चहा-पोहे देता देता मोठ्या हुशारीने आपलं नाव तिसऱ्या जागी सरकवलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"घरवार छापा. पाळीप्रमाने," मिस्तरी म्हणाला. "घरमा वयप्रमाने."

"पण त्यांनी ती दुसरी यादी मान्य केली होती हो. छगननाना आता सहावे जातील. उठून जातील ते."

"पाळीले कोन नाव ठेवी? पाळी मोडनी ते पानी मोडनं." त्याने झाकण लावलं. "आनि तुम्हनं शेवट शे. मंग कोनी भांडाव नही."

आबांना विचारल्याशिवाय काही करता येणार नव्हतं. भाऊंनी विहिरीच्या कठड्यावर बसूनच फोन लावला. आबांना कमी ऐकू येतं म्हणून दोन्ही बाजूंचं बोलणं अख्ख्या शिवाराला ऐकू जात होतं.

"आबा, मी काय म्हणतो, पत्रिकेवर नावं विहिरीच्या पाळीप्रमाणे टाकली तर? म्हणजे कुणाची तक्रार नको. अधिक सोपं होईल, असं आपलं मला सुचलं."

पलीकडे सामसूम.

"आपली ती यादीही चांगलीच आहे. पण म्हटलं, वाडवडिलांनी लावून दिलेली पाळी..."

सामसूमच. भाऊंनी मिस्तरीकडे पाहिलं. मिस्तरी विहिरीत डोकावून पाण्याची पातळी बघत होता. कबूल होण्याची ही त्यांची दिवसातली दुसरी वेळ. ह्या वेळी दोन मिनिटंही लागली नाहीत.

"पुसली गेली, आबा. माझ्याच हातून."

"बरं व्हयनं," आबा म्हणाले. "पाळीप्रमाने टाक. छगनले मी सांगस." आणि फोन ठेवता ठेवता, बाजूच्या कुणाला तरी सांगावं तसं, "तीन रविवार काय माशा मारी ऱ्हायंतूत का आपन?"

*

भाऊंनी यादी दुकानातच बसून टाइप केली. सोमवार ते रविवार, प्रत्येक घरातलं थोरलं आधी. एकशे सव्वीस नावं, दीड तास. मिस्तरीने तिच्या तीन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर घातली, एक भाऊंच्या मोबाइलवर, आणि एक कागदावर छापून तारेने छताला टांगली. वर चिठ्ठी बांधली : सातघरी विहीर, भदाणे.

कॅबिनेट पुन्हा लुगड्यात गेलं. निघायच्या आधी भाऊ दारात थांबले. आज ह्या माणसाने एक मांडव वाचवला होता, आणि सबंध दिवसात तो जेमतेम वीसेक वाक्यं बोलला होता. भाऊंचे डोळे भरून आले. निवृत्त लिपिकाला कुणाचे उपकार फेडायचे तर एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे योग्य जागी नाव नोंदवणं.

"मिस्तरी," ते म्हणाले, "तुम्ही आता परके नाही. पत्रिकेवर आठवं घर म्हणून तुमचं नाव टाकतो. अगदी मोठ्या अक्षरात. सांगा, कुठे टाकू?"

मिस्तरीने कानामागची बिडी काढली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच पेटवली.

"पाकिटवर."